मदत हवी आहे: चर्चच्या पुढाऱ्यांसाठी सुरक्षा प्रशिक्षण

आमच्या मंडळीतले पाळक, वडीलजन आणि संडे स्कूलचे शिक्षक यांच्यासाठी एक दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण ठेवायचं आहे. आखणी माझ्याकडे आली आहे. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव, सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायचा प्रथमोपचार), अर्पण म्हणजे उपासनेत जमणारे दानाचे पैसे दोघांनी मिळून मोजणं, एवढं ठरलंय.

अडतंय ते मुलांच्या सुरक्षिततेपाशी. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकच मोठा माणूस नको, किमान दोघं हवीत, असा नियम मांडला की काही ज्येष्ठ दुखावतात. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणतात. खरं तर यात मुलांचं रक्षण आहेच, शिवाय शिक्षकही खोट्या आरोपापासून वाचतो. पण हे त्यांच्या गळी कसं उतरवायचं? तुमच्याकडे कुणी आणि कसं पटवलं?

दुसरं, दारावर स्वागताला उभे राहणाऱ्यांना नेमकं काय शिकवावं? उपासना चालू असताना सगळी दारं कुलूपबंद ठेवा, अशीही एक सूचना आली (आग लागली तर लोक बाहेर कुठून पडणार, देव जाणे!). चिडून आलेल्या माणसाशी शांतपणे बोलण्याचा सराव कुणी प्रसंग रंगवून घेतला असेल, तर कोणते प्रसंग निवडले तेही सांगा.