कुत्रं लई वाळलंय, कुठलं खाद्य घेऊ? (कोल्हापूर)

उचगावकर
कुत्रं वाळून काडी झालंय. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसतात. खातंय बरं, पळतंय तर विचारूच नका, पण अंगाला काही लागत नाही. दुकानात जाऊन पिशव्या बघून आलो, तो प्रत्येक पिशवीला भारीच म्हणतोय. घरी येणारा प्रत्येक माणूस "उपाशी ठेवता काय ओ त्याला" म्हणतोय, कान किटले. एकच सांगा, कुठली पिशवी घेऊ? रविवारी गावात जाणार आहे, त्याच्या आत सांगा.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
जात? वय? वजन? सध्या काय घालताय? जंताचं औषध कधी दिलंय?

उचगावकर
जातीचा काय संबंध? खाद्य विचारलंय मी. मोठं आहे, वाढ झालेली आहे.

तालमीतला_गडी
पिशवीबिशवी सोडा. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, म्हशीचं धारोष्ण अर्धा लिटर, त्यात दोन कच्ची अंडी. महिन्यात कुत्रं पैलवान. नाद करायचा नाही.

गडहिंग्लजची_लेक
महिनाभर फरशी धुऊन धुऊन तुम्हीच पैलवान व्हाल. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, ढाळ लागते. त्यात कच्चं दूध. अंडं चांगलंच, पण उकडून द्या.

तालमीतला_गडी
ताई, आमच्या आजोबांची कुत्री दुधावरच वाढली.

गडहिंग्लजची_लेक
दादा, आजोबांची कुत्री गावभर फिरून बाकीचं काय काय खायची ते आजोबांना माहीत नसायचं.

उचगावकर
भांडू नका. कारवानी आहे, नर, सव्वा वर्षाचा. जतकडून आणलाय. सकाळी दोन भाकरी दुधात कुस्करून, रात्री एक भाकरी आमटीत. रोज पहाटे माळावर सोडतो, तासभर थांबत नाही.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
हे पहिल्याच ओळीत सांगायचं असतं राव! कारवानी वाळकाच दिसणार. पोट आत ओढलेलं, कमरेची हाडं वर आलेली, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणार, ही त्याची ठेवणच आहे. तो लॅब्रॅडॉरसारखा दिसायला लागला तर काळजी करा. पाहुण्यांचं ऐकू नका, हाताने बघा. बरगडीवरून हलका हात फिरवा, पातळ थर लागून बरगड्या कळल्या तर ठीक. पाठीचा कणा टोकदार लागत असेल आणि मांडीचं मांस उतरलं असेल तर मात्र खरंच कमी आहे.

मुधोळप्रेमी
कारवानी म्हणू नका, मुधोळ म्हणा. २००५ साली टपाल खात्याने तिकीट काढलं ते मुधोळ हाउंड या नावानेच.

जत_तालुका
तिकिटावर काहीही छापतील. केनेल क्लब ऑफ इंडिया कॅरवान हाउंड म्हणून नोंद करतं. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या कारवानीच.

मुधोळप्रेमी
मुधोळ बागलकोट जिल्ह्यात आहे, जतपासून लांब नाही. एकाच मातीतली कुत्री. लष्करानेही मुधोळच घेतलीत.

उचगावकर
लष्कर काय खायला घालतंय ते सांगता का? नसेल तर नवा धागा काढा.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
हाताला कसं लागलं?

उचगावकर
कणा लागतोय. मांडीपण बारीक वाटते.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
मग दोन कामं. पहिलं, पिशवीआधी दवाखान्यात शी तपासून घ्या. जंत असतील तर कितीही घाला, वाटा त्यांचाच. हिरड्या पांढरट दिसतात का तेही बघा. गोचीड असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, गोचीडतापातही कुत्रं असंच आतून खंगतं.
दुसरं खाण्याचं. भाकरीने पोट भरतं, पण मांस चढायला लागणारी प्रथिनं तुमच्या ताटात कमी आहेत. पळणाऱ्या कुत्र्याला ताकद जास्त करून चरबीतून मिळते. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, प्रथिनात आणि पिठात ४. म्हणून पिशवी उलटी करून मागचं वाचा, समोरचं चित्र नाही. प्रथिनं २६ ते ३० टक्के, चरबी १६ ते २० टक्के, आणि घटकांत पहिलं नाव मांसाचं. साध्या स्वस्त पिशव्यांत चरबी १० टक्क्यांच्या आसपास असते. ती सोसायटीत झोपणाऱ्या कुत्र्याला पुरते, माळावर पळणाऱ्याला नाही.

कसबा_बावडा_४१६००६
एवढं कशाला? रविवारी घरात मटण असतंयच. पांढऱ्या रश्शातली हाडं घाला, आमचं वाघ्या त्यावरच आहे.

गडहिंग्लजची_लेक
अहो, शिजलेलं हाड तडकतं, टोक आतड्यात घुसतं. आणि रश्शात कांदा-लसूण असतोच, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. उचगावकर, तुमच्या आमटीतही फोडणीचा कांदा असेलच. ती बंद करा. भाकरी चालू ठेवायची असेल तर मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, हाडं काढून, आणि त्याचं पाणी भाकरीवर. माझ्या दोन्ही कुत्र्यांचं तेच चालू आहे, आणि पिशवीपेक्षा स्वस्त पडतं.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
नुसतं चिकन-भाकरी कायम दिलं तर कॅल्शियम कमी पडतं. त्यापेक्षा निम्मी पिशवी, निम्मं घरचं.

गडहिंग्लजची_लेक
तुमचं दुकान आहे का पिशव्यांचं?

शिकारी_माळरान
माळावर सोडता म्हणजे ससे धरतो का? कारवानीची नजर बघायची तर सशामागेच.

जत_तालुका
असलं इथं लिहू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे. कुत्रं तुमचं असेल तर धरलं जाणार तुम्हालाच.

उचगावकर
ससा नाही काही नाही, मोकळा पळतो नुसता. दवाखान्यात जाऊन आलो. वजन २३ किलो. शी तपासली, हुकवर्म निघाले. गोळी दिली, दोन आठवड्यांनी परत द्यायची आहे. आता तरी पिशवीचं सांगाल का? किती घालायचं?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
निम्मं मूळ तिथंच होतं की. हुकवर्म रक्तावर जगतात, अंगाला काय लागणार! शी रोज उचलून टाका, नाहीतर अंगणातूनच परत लागण होते.
२३ किलोच्या पळणाऱ्या नराला दिवसाला साधारण १५०० कॅलरी धरा. पिशवीवर १०० ग्रॅमला ३७५ लिहिलेल्या असतील तर ४०० ग्रॅम. घरचं घालाल तेवढं त्यातून कमी. एकदम बदलू नका, आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या. दोन वेळांत विभागून द्या, आणि पळून आल्या आल्या ताट पुढं करू नका, जेवण झाल्यावरही तास-दोन तास सोडायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो, त्यात काही तासांतच कुत्रं हातचं जातं. पंधरा दिवसांनी परत वजन करा. वाढत नसेल तर ५० ग्रॅम चढवा.

उचगावकर
बरं. पण नाव सांगा ना पिशवीचं.

तालमीतला_गडी
दूध नको म्हणता, मग ताक चालतंय का?