चाळिशीनंतर शाळेच्या टीमची खो-खो मॅच: आखणी आणि तयारी कशी करावी?

पाटी_नंबर_चार:
दहावीची 1997 ची बॅच दिवाळीत शाळेत जमतेय. जुन्या टीमची मॅच ठरली आहे. दोन्हीकडे सात-सात जण, वय 43-44, नियमित व्यायाम करणारे जेमतेम चौघे. हातात सहा आठवडे आहेत. मैदानावर ना आखणी, ना खांब. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारताच्या दोन्ही संघांनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून ग्रुपवर ज्याला त्याला सूर मारायचाय. मैदान कसं आखू आणि कुणाचा पाय जायबंदी होऊ नये म्हणून काय करू?

फक्कीवाला:
पूर्ण मैदान 27 बाय 16 मीटर, पण त्याला बसणारे आठ आणि उठलेला एक असे नऊ लागतात. तुम्ही सातच, म्हणून दोन आडव्या पाट्या (मधल्या पाटीला छेदणारे पट्टे, प्रत्येक छेदावर एक जण बसतो) कमी करा. सहा ठेवल्या की संख्या समच राहते, आलटून-पालटून तोंडं करून बसणं बिघडत नाही. मग खांब ते खांब 18.70 मीटर, खांबांमागे दीड-दीड मीटर, म्हणजे एकूण 21.70 बाय 16. खांब ते खांब जाणारी मधली पाटी 30 सेंमी रुंद, आडव्या 35 सेंमी.

आडव्या पाट्यांची सुरुवात एकाच खांबापासून टेप लावून मोजा: 2.55, 5.20, 7.85, 10.50, 13.15, 15.80 मीटर. एका पाटीपासून पुढची असं मोजत गेलात तर दर वेळची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटचा खांब भलतीकडेच जातो. बाहेरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून बघा, 26.96 च्या आसपास आले की कोपरे काटकोनात आहेत.

फक्कीसाठी, म्हणजे रेघा आखायच्या पुडीसाठी, कळीचा चुना अजिबात नको. घाम आणि डोळ्यांशी संबंध आला की भाजतो, आणि इथे तर माणसं त्याच रेघांवर हात टेकून बसणार. खडूची पूड घ्या. आदल्या संध्याकाळी पाणी मारून खडे वेचायला दोन जण लावा.

पोटरी_सांभाळा:
माझ्या मते खरा धोका सुरात नाही, उठण्यात आहे. दोन मिनिटं उकिडवं बसून पोटरी आखडलेली, आणि खो मिळताच पहिलं पाऊल पूर्ण जोरात. पोटरी किंवा टाचेमागची शीर तिथेच जाते. म्हणून आतापासून रोज पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, 15 चे तीन संच, खाली येताना सावकाश. तिसऱ्या आठवड्यापासून 30 मीटरच्या सहा धावा, ताकदीच्या साठ-सत्तर टक्क्यांनी. वळणं आणि उकिडव्यातून उठून धावणं पाचव्या आठवड्यात. शेवटचे चार दिवस विश्रांती. (एका आठवड्यात सगळं उरकायला निघणारेच मॅचआधी लंगडतात.)

जाड टाचेचे पळायचे बूट नकोत, आडवं वळताना घोटा मुरगळतो. सपाट रबरी तळ बरा. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटून पाय लुळा पडला तर चोळू नका, त्या पायावर उभं करू नका, थेट हाडांच्या डॉक्टरकडे. बीपी-शुगरवाल्यांनी आधी तपासून घ्यावं. छातीवर दाब किंवा जबड्यात कळ आली तर खेळ तिथेच बंद.

शिट्टी:
नऊ मिनिटांचा डाव विसरा. चार मिनिटं पळती, चार मिनिटं विश्रांती, दोघांचे दोन-दोन डाव. पळतीला आधी तिघे, मग दोन-दोनच्या तुकड्या. सूर आणि खांबावरची झेप दोन्ही बंद, झेपेत बाद केलेला गडी धरायचा नाही, असं नाणेफेकीआधीच जाहीर करा. नुसतं ‘जपून खेळा’ सांगितलं तर कुणी जपत नाही.

भांडणं दोनच गोष्टींवरून होतील: खो मिळायच्या आत उठणं आणि पाठलाग करणाऱ्याने खांदा वळवून परत फिरणं. मधल्या पाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पंच उभा करा, खेळणाऱ्यांपैकी कुणी नको.

पाटी_नंबर_चार:
सहा पाट्या पक्क्या. खांबांना बांबू चालेल का? शाळेत पडून आहेत.

फक्कीवाला:
नको. बांबूच्या पेरांनी तळहात सोलतो आणि अंगभार टाकून वळलं की तो चिरतो. 9-10 सेंमी जाडीचा गोल, गुळगुळीत लाकडी खांब घ्या, सुमारे 1.80 मीटर लांब. 60 सेंमी जमिनीत, 1.20 वर. खड्ड्यात खडी-माती थराथराने ठोकून भरा आणि मॅचच्या सकाळी दोघांनी लोंबकळून बघा, हलला तर पाचर मारा.