फलाफल खाल्लंय का? कोकणातले अनुभव लिहा

आमच्याकडे आता शोरमाच्या गाड्या झाल्यात आणि त्यांच्या पाटीवर अगदी तळाला 'फलाफल रोल' लिहिलेलं असतं. (फलाफल म्हणजे भिजवलेले चणे वाटून तळलेले गोळे.) श्रावणात घरी मासे बंद झाले की मी त्या तळाच्या ओळीवर जगते. पण एके ठिकाणी गरमागरम, आतून हिरवंगार मिळतं, तर दुसरीकडे कालचंच परत तळलेलं. महाडपासून वेंगुर्ल्यापर्यंत, हवं तर थेट गोव्यापर्यंत, चांगलं आणि स्वस्त फलाफल कुणी कुठे खाल्लं, घरी कसं केलं, ते लिहा. 'मस्त होतं' एवढ्यावर सुटका नाही. पाव कसला, आत काय काय, पैसे किती, सगळं हवं.

सुरुवात माझ्यापासून. रत्नागिरीत स्टँडच्या बाजूला, ७० रुपये. चार गोळे, कोबी, गाजर आणि भसाभस मेयोनीज. गोळे खरंच छान होते हो! पण मेयोनीजने सगळं बुळबुळीत करून टाकलं. दुसऱ्या खेपेला 'मेयो नको, लिंबू पिळा आणि हिरवी चटणी लावा' म्हटलं, तर तोच रोल दुप्पट चांगला लागला.

मिरकरवाडेकर
ताई, आम्ही कुवेतला नोकरीला होतो तेव्हा महिनाअखेर फलाफलवरच निघायची. सगळ्यात स्वस्त पोटभर जेवण तेच. सामून म्हणून लांबट, दोन्ही टोकांना निमुळता पाव असतो, त्यात चार-पाच फलाफल चेचून भरायचे, वर टोमॅटो, ताहिनी (तिळाची पातळ चटणी) आणि गुलाबी लोणचं. ते लोणचं सलगमचं, बीट घालून रंग आणलेला. आंबट-खारट, कुरकुरीत. त्याच्याशिवाय मजा नाही.

बघत राहावं ते करणाऱ्याच्या हाताकडे. पितळेचा एक छोटा साचा असतो, खाली दांडी. वाटलेलं मिश्रण साच्यात दाबायचं, चमच्याच्या पाठीने वर घुमट काढायचा, कढईवर धरून दांडी दाबली की गोळा तेलात. सेकंदाला एक! आमचा गाडीवाला मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता. त्याच्या देशात चण्याऐवजी सोललेला बाकला (एक मोठं चपटं कडधान्य) वापरतात आणि त्याला तामिया म्हणतात. आतून चण्याच्या फलाफलपेक्षा हिरवं आणि मऊ.

इथे ओळखायचं कसं, तर कढई बघा. ऑर्डर दिल्यावर तळतोय तर थांबा. काचेच्या पेटीत रास लावून ठेवलेली असेल तर सलाम करून पुढे. रमजानमध्ये संध्याकाळी खप जोरात असतो, तेव्हा शिळं मिळायची भीती नाही.

पक्का वडापाववाला
७० रुपयांत माझे चार वडापाव येतात. चालू द्या.

धागाकर्ती
दादा, चार खाल्ल्यावर वर सोडा पण लागतो ना, तोही धरा हिशोबात.

अलिबागहून
आमच्याकडे इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग तिथेच. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, पुष्कळशी १९४८ नंतर इस्रायलला गेली, पण गाव सुटलेलं नाही. शेजारच्या आजींचे नातेवाईक तिकडच्या अशदोद शहरातून येतात आणि अजून 'काय गं, बरी आहेस ना?' करून घरात शिरतात. त्यांच्यातल्या एका मावशींनी आमच्या ओट्यावर फलाफल केलं होतं. अजमोदा (पार्सली) मिळाली नाही म्हणून कोथिंबीर दुप्पट घातली. पिठाचा कण नाही.

त्यांच्याकडून कळलं की ताहिनीला इतका मान का. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा त्यांचा नियम. ताहिनी निव्वळ तिळाची, त्यामुळे कशाहीबरोबर चालते, दह्याचं तसं नाही. आणि वरून सोडायला एक पिवळं आंबट सॉस आणलं होतं, नाव अंबा! कैरी, मेथी, हळद. बगदादच्या ज्यू व्यापाऱ्यांच्या मुंबईच्या येण्याजाण्यातून ते इराकात गेलं असं सांगतात, आणि १९५०-५१ मध्ये इराकी ज्यू इस्रायलला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडे. आमच्या आईने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, 'मेथांब्यात गूळ घालायला विसरले वाटतं.' आता आम्ही चैत्रात बिनगुळाचा मेथांबा मिक्सरमधून काढून बाटलीत भरून ठेवतो. विकतच्या कुठल्याही सॉसपेक्षा सरस.

रेडीचो झील
मालवणीत लिहिलंय तर अर्धे लोक पळतले, म्हणून साध्या भाषेत लिहितो. रेडीहून तेरेखोल, तिथून फेरीबोटीने केरी, पुढे गोव्याचा हरमल किनारा. सीझनला आमच्याकडची बरीच पोरं तिकडे शॅकच्या किचनमध्ये असतात, मीही होतो. इस्रायली गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे फलाफल, हम्मस, शकशुका रोजचं. 'चणे उकडलंस तर थेट घराक जा,' असा आमचो हेड कूक सांगी. गिऱ्हाईक फलाफल मोडून आधी आतला रंग बघायचं, मग तोंडात टाकायचं.

स्वस्त मात्र म्हणू नका. समुद्राकडे तोंड करून बसलात की प्लेटचे तीनशेच्या वर गेलेच. किनारा सोडून आतल्या रस्त्याला या, तिथे पिटामध्ये (खिशासारख्या पोकळ रोटीत) भरून निम्म्या पैशात मिळतं. आणि साबिख दिसलं तर तेही घ्या: तळलेलं वांगं, उकडलेलं अंडं, अंबा. पावसात यातलं बहुतेक सगळं बंद, तेव्हा ऑक्टोबरनंतरच या.

चिपळूणची सुगरण (स्वयंघोषित)
घरी करणाऱ्यांसाठी. काबुली चणे कच्चेच, बारा तास तरी भिजलेले. उकडलेल्या चण्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो, तो तेलात पकड घेत नाही आणि गोळा विरघळतो. मग लोक बेसन घालतात आणि त्याची भजी होते. कच्चा चणा तेलातच शिजतो आणि स्वतःला धरून ठेवतो. आपल्या पावसाळी हवेत भिजवलेले चणे ओट्यावर ठेवू नका, फेस येतो आणि वास मारतो. फ्रिजमध्ये ठेवा, पाणी एकदा बदला, वाटायच्या आधी फडक्यावर कोरडे करा.

वाटण चैत्रातल्या वाटल्या डाळीइतकं जाडसर. कांदा, लसूण, जिरं, धणे, मूठ-मूठ कोथिंबीर. अर्धा तास गार करायचं, सोडा तळायच्या तोंडावर चिमूटभर.

आता पैशाचं. एक किलो चणे दीडशेच्या आसपास. भिजून दुपटीहून थोडे जास्त होतात, कांदा-कोथिंबीर धरून अडीच किलो मिश्रण. २५ ग्रॅमचा एक गोळा म्हटला तर १००. चार गोळ्यांचं एक सँडविच, म्हणजे २५ सँडविच, चण्याचा खर्च प्रत्येकी सहा रुपये! तेल, पाव, तीळ धरले तरी ७० रुपयांत गाडीवाला सुखात आहे. तेव्हा ताहिनीऐवजी मेयोनीज मारणाऱ्याला निःसंकोच हटका. पांढरे तीळ मंद आचेवर रंग न बदलता भाजा, थोडं तेल घालून वाटा, लिंबू, मीठ, गार पाणी. झाली ताहिनी.

शुद्ध शाकाहारी
एक विचारू? शोरमाच्या गाडीवर फलाफल वेगळ्या तेलात तळतात का?

मिरकरवाडेकर
विचारल्याशिवाय धरून चालू नका. चिकनचे तुकडे त्याच कढईत पडतात बऱ्याच ठिकाणी. विचारलं की खरं सांगतात.

दापोली
पिटाच्या मागे लागू नका. बेकरीतून दुपारी गरम निघणारा कडक पाव घ्या, पोटात चीर देऊन मऊ भाग थोडा काढून टाका, फलाफल नीट बसतं आणि सॉस गळत नाही. लादीपाव ताहिनीने लगेच भिजतो. कर्द्याकडे कुणी गाडी बघितली आहे का? रविवारी पाहुणे यायचेत.

धागाकर्ती
कर्द्याचं माहीत नाही, पण चिपळूणच्या ताईंच्या हिशोबाने पाहुण्यांना घरीच घाला. किती जण आहेत?

दापोली
अकरा. साचा कुणाकडे आहे का मागायला?