चंद्राभोवती १०० किमीचाच हट्ट कशाला?

दुर्बीणवाला:
चांद्रयान-१ घ्या नाहीतर २, आपलं ठरलेलं: ध्रुवांवरून जाणारी गोल कक्षा, उंची १०० किमी. फोटोंसाठी झकास. पण दक्षिण ध्रुवावर यंत्रं महिनोन्‌महिने चालवायची असतील तर? ऐन ध्रुवावर पृथ्वी महिन्यातले साधारण पंधरा दिवस क्षितिजाखालीच असते, म्हणजे निरोप्या, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणारा उपग्रह, लागणारच. १०० किमीवरचा उपग्रह दोन तासांच्या फेरीत तिथून जेमतेम बारा मिनिटं दिसतो. चीनने २०२४ मध्ये छुएछ्याओ-२ हा असाच निरोप्या लांबट कक्षेत नेला: जवळ २०० किमी, लांब १६,००० किमी, फेरी २४ तासांची. कक्षेचा कल (चंद्राच्या विषुववृत्ताशी होणारा कोन) ६२ अंशांचा ठेवलाय, म्हणून पृथ्वी ओढत असूनही लांबचं टोक दक्षिणेवरच राहतं. तिथे यान रेंगाळतं आणि तासन्‌तास बोलता येतं.

गणपुले_नव्हे:
दुरून डोंगर साजरे! त्या अंतरासाठी त्यांना ४.२ मीटरची छत्रीसारखी अँटेना न्यावी लागली, ते सांगा की. आणि उतरायची जागा आधी बघणार कोण? चांद्रयान-२ चा कॅमेरा १०० किमीवरून पाव मीटरचा ठिपका टिपतो. १६,००० वरून काय दिसणार, कप्पाळ?

खडूफळा:
खालची कक्षा फुकट नसते हो. चंद्राच्या पोटात जड गठ्ठे आहेत, मॅस्कॉन. अपोलो-१६ ने १९७२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह त्यांच्या ओढाताणीत ३५ दिवसांत आपटला. नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानेही इंधन वाचवायला २०११ मध्ये ५० किमीची गोल कक्षा सोडली.

गणपुले_नव्हे:
तो उपग्रह ध्रुवीय कक्षेत नव्हताच, विषुववृत्ताजवळ फिरत होता. हा फरक गाळून ३५ दिवसांची गोष्ट सांगायची म्हणजे कमाल आहे. आपलं चांद्रयान-१ बघा: मे २००९ मध्ये २०० किमीवर नेलं, ऑगस्टमध्ये संपर्क तुटला. २०१६ मध्ये रडारने शोधलं तर साहेब बिनइंधनाचे तिथेच घिरट्या घालताहेत!

सांजतारा:
पण गर्दीचं काय? ध्रुवीय कक्षा सगळ्या ध्रुवांवरच एकमेकींना छेदतात, अगदी स्वारगेटचा चौक. ऑक्टोबर २०२१ मध्ये एलआरओ जवळून जाणार म्हणून चांद्रयान-२ ला बाजूला सरकवावं लागलं.

दुर्बीणवाला:
गणपुले, कॅमेरा खालीच राहू द्या, त्यावर वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की निरोप्याचं काम त्याच्या गळ्यात मारू नका.

गणपुले_नव्हे:
म्हणजे दोन यानं. खर्चाचं बोला आता.