कीबोर्डातला पियानो 'खरा' वाटायला पैसे कशावर घालायचे?

राजारामपुरी_गल्ली:
सरळ मुद्द्यावर येतो. ६१ कीजच्या अरेंजर, म्हणजे साथीचा ताल स्वतः वाजवणाऱ्या, कीबोर्डवर 'ग्रँड पियानो' नावाचं जे बटण असतं त्याला पियानो म्हणणं बंद करूया. हातोडी तारेवर पडते तो पहिला ठोका हे लोक बरोबर रेकॉर्ड करून घालतात, कारण दुकानात गिऱ्हाईक तेवढंच ऐकतं. फसवणूक पुढं आहे. मेमरी वाचवायची म्हणून थोड्या वेळानं सूर लूप करतात, म्हणजे एकच बारका तुकडा गोल फिरवत ठेवायचा आणि व्हॉल्यूम उतरवत न्यायचा. खऱ्या पियानोत मधल्या आणि वरच्या सुरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या अगदी तंतोतंत एका सुरात कधीच नसतात, त्यामुळं आवाज आधी झपकन खाली येतो आणि मग रेंगाळत, आतल्या आत हलत विरतो. लूपमध्ये हे काहीच नसतं, नुसता सपाट सूर.

दुकानात गेलात की डेमो साँग बंद करायला सांगा आणि हे करून बघा. मधले सी-ई-जी आवाज न करता हळूच दाबून धरायचे, डाव्या हातानं दोन सप्तकं खालचा सी जोरात मारायचा आणि लगेच सोडायचा. खऱ्या पियानोत खालचा सूर तुटतो पण धरलेली कॉर्ड बारीक गुणगुणत राहते, कारण त्या खालच्या सीच्या पोटात वाजणारे चौथा, पाचवा, सहावा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट, पाचपट, सहापट कंपनाचे सूर) म्हणजे हेच तीन सूर. सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप गुणगुणणाऱ्या तारा, अशाच वाजतात, सतारी बनवणारं मिरज जवळ असताना हे आपल्याला कोणी समजावायला नको. स्वस्त कीबोर्डात हे केलं तर शांतता. दुकानदार तोंडाकडं बघत बसतो ते वेगळं.

तर माझं मत, ८८ वजनदार कीजचा, स्ट्रिंग रेझोनन्स (हीच तारांची गुणगुण) असलेला डिजिटल पियानो घ्या, पन्नास हजाराच्या आसपास मिळायला लागतो, नाहीतर पियानो शिकतोय असं सांगत फिरू नका. होऊ दे चर्चा.

मंडपवाला:
भावा टेस्ट लई भारी, पण गणपतीत मंडपात तुझ्या तरफा ऐकायला कोण बसलंय? मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळायच्या आधी तिथं वाजवलंय, शाहू स्मारक भवनला वाजवलंय, गावाकडच्या जत्रेत तर विचारूच नको. सगळीकडं सिस्टीम मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाहीच. तुझे ते महागडे सँपल, म्हणजे खऱ्या पियानोचे रेकॉर्ड केलेले सूर, स्टिरिओ असतात, दोन माइक लांब लांब ठेवून घेतलेले, ते डावं-उजवं एकत्र केलं की काही फ्रिक्वेन्सी एकमेकाला खाऊन टाकतात आणि उरतो तो पोकळ पियानो. हेडफोनमध्ये स्वर्ग आणि मंडपात बोंब. वरनं ढोलकी, ऑक्टोपॅड, बेस गिटार, त्यात तुझा मऊ कॉन्सर्ट ग्रँड कुठं गेला ते शोधत बसा. १९८८ सालच्या कॉर्ग एम-वन कीबोर्डचा पियानो ऐक, खरा अजिबात न्हाई, पातळ आणि कडक, पण गर्दीतनं आरपार येतो. अख्ख्या जगानं डान्सच्या गाण्यात तो वापरला, कुणी तक्रार केली नाही.

राजारामपुरी_गल्ली:
दादा मी घरी वाजवायचं बोलतोय, तुम्ही जत्रा घेऊन आलात 😀 आणि 'आरपार येतो' म्हणजे 'खरा वाटतो' नव्हे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मंडपवाला:
ते तू वर लिहिलंयस कुठं? तू तर सगळ्यांना पन्नास हजाराला घातलंस.

ताराबाई_पार्क:
मी लहान मुलांना आणि काही मोठ्यांनाही पियानो शिकवते. तुम्ही दोघंही स्पीकरमधून बाहेर काय येतं त्यावर भांडताय, वाजवणाऱ्याच्या बोटाला काय मिळतं ते कोणी बोलतच नाही. की खाली जाताना आत दोन कॉन्टॅक्ट लागतात, त्या दोन्हींच्या मधल्या वेळावरून मशीन ठरवतं की किती जोरात मारलं, आणि १ ते १२७ मधला एक आकडा पुढे पाठवतं. हलक्या स्प्रिंगच्या कीजवर मुलांची सगळी बोटं ९० ते १०० च्या मध्येच पडतात. मग आत कितीही चांगलं सँपल असू दे, हळू वाजवल्याचे लेअर (हळू-जोरात असे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले थर) कधी उघडतच नाहीत! त्यामुळे रेझोनन्स वगैरे नंतर. आधी कीज वजनदार हव्यात, आणि पेडल हवा तो नुसता चालू-बंद होणारा नको, अर्धवट दाबला तर अर्धवट काम करणारा हवा. वेलॉसिटी कर्व्हची, म्हणजे किती जोराला कुठला आकडा द्यायचा याची, सेटिंग तर बहुतेकांनी आयुष्यात उघडलेली नसते, ती नीट केली तर त्याच मशीनमधून वेगळा पियानो निघतो. मला एखाद्याचा साधाच आवाज चालेल पण बोटात फरक कळला पाहिजे.

राजारामपुरी_गल्ली:
ताई वजनदार कीज मीही म्हटलंच आहे. पण 'साधाच आवाज चालेल' हे नाही पटलं. मूल रोज जे ऐकतं तोच त्याचा कान होतो. पेडल दाबला की सगळे डँपर (तारा दाबून गप्प करणारे नमदे) वर उठतात आणि सगळ्या तारा मोकळ्या होतात, खोली भरल्यासारखी वाटते. स्वस्त मशीनमध्ये पेडल म्हणजे नुसता सूर लांबवायचा स्विच. त्यावर शिकलेलं मूल पुढे खऱ्या पियानोवर बसलं की पेडल दाबून सगळा काला करतं, कारण त्याला त्याची किंमत कधी मोजावीच लागलेली नसते.

ताराबाई_पार्क:
हे मात्र खरंय, काला करतात.

बफर_१२८:
दोन्ही पार्ट्या जुन्या काळात अडकल्यात. कीबोर्ड नुसता कीजसाठी घ्या आणि आवाज लॅपटॉपमधून काढा. सालामँडर ग्रँड पियानो नावाचा आवाजाचा संच फुकट आहे, यामाहा सी-फाईव्हचं सँपल, १६ वेलॉसिटी लेअर. सगळे सूर वेगवेगळे रेकॉर्ड केलेले नाहीत, दर तीन सेमीटोनला एक घेतलाय आणि मधले ताणून बनवलेत, तरी त्या किमतीतल्या बऱ्याच मशीनच्या पुढं आहे. आणि सँपल नकोच असेल तर मॉडेलिंग आहे, त्यात रेकॉर्डिंग नसतंच, तार, हातोडी, लाकडी फळी यांचं गणित तिथल्या तिथं सोडवून आवाज बनतो. रोलंडनं २००९ साली व्ही-पियानो असाच काढला होता. पियानोटेक नावाचं सॉफ्टवेअर तर शंभर एमबीच्या आत बसतं आणि राजारामपुरीवाल्यांची ती सी-ई-जी टेस्ट आरामात पास होतं.

मंडपवाला:
आणि लॅपटॉप मधेच अपडेट घ्यायला बसला की मी गाणं थांबवून माईकवर काय सांगू, 'रसिकहो, पस्तीस टक्के झालंय'?

बफर_१२८:
स्टेजवर नका वापरू की, कोण सांगतंय. घरी वापरा. फक्त विंडोजवर ऑडिओचा ड्रायव्हर असिओ (आवाज पटकन बाहेर काढणारा) पाहिजे आणि बफर, म्हणजे आवाज आधी साठवायची जागा, कमी, नाहीतर दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर बेकार.

पेटीकाका:
तुम्हा पोरांचं वाचून करमणूक झाली. एक विचारतो, खरा म्हणजे कुठला? यामाहाच्या महागड्या डिजिटल मॉडेलात दोन पियानोंचे आवाज देतात, एक यामाहाचाच सीएफएक्स आणि एक बोसेनडॉर्फर इंपीरियल, ज्याला ८८ नाही ९७ कीज असतात. दोन्ही खरेच, आणि एकासारखा दुसरा अजिबात वाजत नाही. बरं ते रेकॉर्डिंग झाकणाखाली, तारांच्या जवळ माइक ठेवून घेतलेलं असतं. तिथं कान घालून कोण पियानो ऐकतो? मी लांब बसून ऐकलेला पियानो हा असा नाहीच.
आणि आपल्या कोल्हापुरात खरा पियानो ठेवून दाखवा. जूनला पाऊस लागला की आतली लाकडी फळी ओल धरून फुगते, मधल्या सप्तकातले सूर वर चढतात, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत उतरतात. ट्यूनर पुण्या-मुंबईहून बोलवायचा. ओळखीच्या एका घरातला पियानो ऑगस्टमध्ये ऐकलाय, त्यापेक्षा तुमचं ते ग्रँड पियानोचं बटण सुरात होतं! मी आपला देवल क्लबात, इथल्या जुन्या गायन संस्थेत, गाणी ऐकत वाढलेला माणूस, पेटी माझी. त्या पेटीलाही आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवलं होतं, तेव्हा अस्सल-नक्कलच्या गप्पा मी जरा जपूनच ऐकतो.

राजारामपुरी_गल्ली:
काका, माइकचा मुद्दा घेतला. म्हणूनच बऱ्याच मशीनमध्ये झाकणाची सेटिंग असते, कमी उघडं ठेवलं की आवाज जरा लांब जातो. पण बेसूर झालेला पियानोसुद्धा विरताना पियानोसारखाच विरतो, लूप झालेला नाही. मी त्याच मुद्द्यावर आहे, तिथून हलणार नाही.

बफर_१२८:
मंडपवाले दादा, मोनोवर एक उपाय. बहुतेक कीबोर्डात नुसत्या 'एल/मोनो' मध्ये केबल घातली की मशीन आतच दोन्ही बाजू एकत्र करतं, तिथंच तुमचा पियानो पोकळ होतो. 'आर' मध्ये एक रिकामी जॅक खुपसून ठेवा, मग डावीकडनं फक्त डावी बाजू जाईल, खाडाखोड होणार नाही.

मंडपवाला:
हे केलंय. खर्ज दणकून येतो पण वरचे सूर लांब गेल्यागत वाटतात, कारण ते उजव्या माइकात. त्यापेक्षा कीबोर्डात मोनो पियानोचा वेगळा पॅच (तयार आवाज) असेल तो घ्यायचा, न्हाईतर मिक्सरवर खालचं जरा कापायचं. जत्रेत एवढं बास होतं. राजारामपुरीवाल्या, घरी तू म्हणतोस ते मानतो, पण नव्या पोरांना स्टेजसाठी असलं जड धूड घ्यायला लावू नकोस, ८८ वजनदार कीज टेम्पोत चढवायला दोन माणसं लागतात आणि ती मानधन मागतात.

ताराबाई_पार्क:
आणि हाफ पेडल घ्यायला निघालात तर आधी मॅन्युअलमध्ये बघा की तुमच्या मशीनला चालतो का. जॅक बसली म्हणजे चालतो असं नाही. दुसऱ्या कंपनीचा घेतला तर कधी उलटा चालतो, पाय काढला की सूर लांबतो. पेडलखाली बारीक स्विच असेल तर तो फिरवा, नसेल तर पाय न ठेवता मशीन बंद करून परत चालू करून बघा.