स्लो कुकरमधलं थाई शेंगदाणा चिकन फुटलं आणि पाणी पाणी झालं, शनिवारी आठ जण जेवायला आहेत

शहापूरची_सून:

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहायलेय. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो, मी नोकरी करते, सकाळी साडेआठला बाहेर पडते ते संध्याकाळी साडेसहाला घरात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना गॅसपुढं उभं राहायला लावायला मला नको वाटतं. म्हणून नणंदेनं अमेरिकेतनं तिचा स्लो कुकर पाठवून दिलाय, साडेपाच लिटरचा, आत चिनीमातीचं भांडं, लो आणि हाय असं फिरवायचं बटण. ती तिकडं त्यात थाई पद्धतीचं पीनट चिकन करते, मी तिच्याकडं गेले होते तेव्हा खाल्लं होतं आणि ती चव अजून जिभेवर आहे बघा, शेंगदाण्याचा दाट रस्सा, थोडं आंबट थोडं गोड, मागनं तिखट.

तर गेल्या गुरुवारी सकाळी मी १ किलो ब्रेस्टचे तुकडे, नारळाच्या दुधाचं पाकीट, पीनट बटर, सोया सॉस, आलं लसूण, तिखट, वर एक पेला पाणी असं सगळं एकदमच घातलं, लो वर ठेवलं आणि गेले. दुपारी लाइट गेली होती पाऊण तास, सासूबाईंनी सांगितलं. संध्याकाळी झाकण काढलं तर वर तेलाचा थर, खाली पाणी, मध्ये नारळाचं दूध फाटल्यागत पांढऱ्या कण्या कण्या, कडेनं पीनट बटर काळं होऊन चिकटलेलं आणि चिकन म्हणजे नुसता चोथा, दातात धागे अडकायले. पोरानं दोन घास खाल्ले आणि दहीभात मागितला. मला फार वाईट वाटलं कारण जिन्नस सगळे चांगले आणलेले.

येत्या शनिवारी मिस्टरांचे मित्र सहकुटुंब येणारेत, एकूण आठ जण. हेच करायचं मनात आहे. माझं काय काय चुकलं ते सांगा, आणि फिश सॉस, लेमनग्रास, थाई करी पेस्ट ह्याच्याऐवजी इथं मिळणारं काय चालेल तेही.

खानापूरची_अक्का:

ताई, जिन्नस चुकले नाहीत, वेळ चुकली. एक एक सांगते.

ब्रेस्टला चरबी फारशी नसते, ते दहा तास लो वर ठेवलं की चोथाच होणार. दुकानात सांगून मांडीचा भाग घ्या, हाडासकट घेतला तर अजून बरं, हाडाचा रस उतरतो. ब्रॉयलरच्या मांडीला लो वर ५ तास पुष्कळ झाले, हाय वर ३. तुम्हाला दहा तास बाहेरच राहायचं असेल तर ब्रॉयलर घेऊच नका, गावठी कोंबडी घ्या, तिला आठ तास मानवतात आणि कुकरच्या शिट्ट्यांपेक्षा त्यात ती जास्त चांगली होते हे मी माझ्या घरात बघितलंय.

दुसरं पाणी. थेंबभर घालू नका. ह्या भांड्यात वाफ झाकणाला लागून परत खालीच येते, काही आटत नाही, आणि चिकन स्वतःचं पाणी सोडतं ते वेगळं. तुम्ही पेलाभर घातलं तिथंच रस्सा गेला.

तिसरं म्हणजे नारळाचं दूध आणि पीनट बटर शेवटी. दोन्ही. आपण सोलकढी कधी उकळतो का? उकळली की फुटते, इथं तर तुम्ही दहा तास तापवलं. शेवटचा अर्धा तास राहिला की पीनट बटर एका वाडग्यात काढायचं, भांड्यातलाच गरम रस्सा दोन पळ्या घेऊन त्यात पिठल्याला बेसन कालवतो तसं गुठळी न ठेवता कालवायचं, मग आत सोडायचं, त्यावर नारळाचं दूध, हाय करायचं आणि झाकण जरा तिरकं ठेवायचं. वीस पंचवीस मिनिटांत पळीला धरेल असं होतं. लिंबू बंद केल्यावरच.

आठ जणांना २ किलो चिकन धरा, साडेपाच लिटरात बसतं, भांडं अर्ध्याच्या वर आणि पाऊण भागाच्या खाली भरलेलं असावं. २ किलोला पीनट बटर दीड वाटी, नारळाचं दूध ४०० मिली, सोया सॉस ५ चमचे, गूळ लिंबाएवढा (पीनट बटर गोडाचं असेल तर गूळ निम्मा करा), लिंबं ३. मीठ अगदी शेवटी चाखून, सोया सॉसमध्येच भरपूर असतं. आणि सारखं सारखं झाकण उघडून बघू नका, एकदा उघडलं की पंधरा वीस मिनिटं मागं जातं.

चिकन फ्रीजरमधलं दगड झालेलं तसंच टाकू नका हं. हे भांडं फार हळू तापतं, मधल्या कोमट वेळात मांस खराब होतं. आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा.

उद्यमबाग_वायरिंग:

वहिनी, स्वयंपाकातलं मला कळत नाही पण एक विचारतो, कुकर अमेरिकेतला म्हणजे १२० व्होल्टचा, आपल्याकडं २३०. तुम्ही लावताय कशावर?

शहापूरची_सून:

दादा, नणंदेनं एक कन्व्हर्टर पण दिलाय. छोटा आहे, मोबाईलच्या चार्जरपेक्षा जरा मोठा. गुरुवारी संध्याकाळी हात लावला तर चटका बसला आणि प्लास्टिकचा वास येत होता, मला वाटलं नवीन आहे म्हणून येत असेल.

उद्यमबाग_वायरिंग:

तो आजपासून बंद. खरंच सांगतो, परत लावू नका. ते छोटे कन्व्हर्टर प्रवासात हेअर ड्रायर पाच दहा मिनिटं चालवायला असतात, दिवसभर चालवायला नाहीत, आणि घरात आजी एकट्या असतात. तुम्हाला स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर पाहिजे, आत तांब्याची वाइंडिंग आणि लोखंडी पट्ट्या असलेला, हातात घेतला की वजन लागतं. कुकरच्या बुडाला वॅट लिहिलेले असतात, बघा, एवढा कुकर साधारण २५० च्या आसपास असतो, मग ५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर घ्या, दुप्पट घेतला की तापत नाही. टेबलावर मोकळ्या हवेत ठेवा, वर पडदा टॉवेल काही नको. आणि चुकून सरळ २३० वर लावला तर साडेतीनपटीच्यावर ताकद जाते त्यात, कॉइल जळणार.

अजून एक, संध्याकाळी आपल्याकडं व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १९० मिळालं तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होते. बायका म्हणतात पुस्तकात ५ तास लिहिलंय आणि शिजलंच नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. तेव्हा शनिवारी दुपारीच लावा. लाइट गेली तर तुमचं फिरवायचं बटण आहे म्हणून आल्यावर आपोआप चालू होईल, डिजिटलवाले बहुतेक बंदच राहतात.

खानापूरची_अक्का:

दादांनी चांगलं सांगितलं. लाइटचं माझं असं आहे, घरात असले तर सरळ पातेल्यात ओतून गॅसवर घेते. बाहेर असले आणि दोन तासांच्यावर गेली होती असं कळलं तर टाकून देते, जीवावर येतं पण देते.

निपाणीची_मावशी:

बाळ, पीनट बटर विकत कशाला आणतेस ग, शेंगा आपल्याकडं काय कमी आहेत का. शेंगाची चटणी, शेंगाची पोळी खाऊन मोठे झालो आपण. पाव किलो शेंगदाणे बारीक आचेवर भाजायचे, गडबड करायची नाही, साल तडकून आतला दाणा बिस्किटासारखा झाला पाहिजे, काळा डाग पडला की कडू. सुपात घालून चोळून पाखडायचे. मग कोमट असतानाच मिक्सरला लावायचे. आधी कूट होतं, मग ते भांड्याच्या कडेला चिकटतं, तिथं सगळ्या बायका थांबतात, तिथं थांबायचं नाही, चमच्यानं खाली ढकलायचं आणि मिक्सरला जरा दम देऊन परत फिरवायचं, पाच सात मिनिटांत दाण्याचं तेल सुटतं आणि पळीवरनं धार पडेल असं मऊ होतं. ह्यात साखर नाही, दुसरं तेल नाही. दाणे निवडून घे, सुरकुतलेले, हिरवट काळे, खवट एकपण घालू नको, शेंगदाण्यावरची ती बुरशी पोटात जाऊ नये.

आणि हे हळू शिजवणं तुम्ही नवीन म्हणताय, आमची आई चुलीच्या वैलावर मटण ठेवून रानात जायची. पुढच्या जाळावर भाकरी झाल्या की मागच्या उरलेल्या धगीवर ते गाडगं तसंच. दुपारी येऊन बघितलं तर हाड बोटानं सुटायचं. त्यालाही ती पाणी घालायची नाही, झाकणातच पाणी ठेवायची.

खानापूरची_अक्का:

मावशी, मी पण घरचंच करते, फक्त एकच सांगावंसं वाटतं, कुटावर थांबलं तर चालणार नाही. कूट घातलं की तो आपला दाण्याचा रस्सा होतो, चवीला चांगला, पण ताईंना जे पाहिजे ते गुळगुळीत पाहिजे. तुम्ही सांगितलंय तसं तेल सुटेपर्यंत केलं तरच.

कारवार_ते_कॅम्प:

मी कारवारची, लग्न होऊन कॅम्पात. फिश सॉस म्हणजे बारीक मासळी मिठात मुरवून काढलेलं पाणी. बाटली मिळाली तर दोन चमचे घाला, नाहीतर मूठभर जवळा कोरडा भाजून पूड करा आणि चमचाभर सुरुवातीलाच चिकनबरोबर टाका, घरभर वास सुटेल पण रश्श्यात तो वेगळा कळत नाही, नुसती खोली येते. पाहुण्यांत कुणी मासळी खात नसेल तर सोया सॉसवरच भागवा.

लेमनग्रास तर तुमच्या परड्यात असेल! गवती चहाच की तो. आपल्याकडचा दांडा बारीक असतो म्हणून वाटून घालू नका, धागे तोंडात येतात. पाच सहा पाती बुडाच्या पांढऱ्या भागासकट घ्या, बत्त्यानं ठेचा, गाठ मारा आणि आत सोडा, शेवटी गाठ काढून टाका. लिंबाच्या झाडाची दोन कोवळी पानं पण, थायलंडात ते वेगळ्या लिंबाचं पान वापरतात, त्याचा घमघमाट जास्त, पण आपलं काम भागतं.

पेस्टला ८ ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवा, तिखटाला २ संकेश्वरी, लसूण १५ पाकळ्या, आलं, ४ छोटे कांदे, धणे, जिरं, मिठाचा खडा, सगळं बारीक वाटा. पण कच्ची पेस्ट कुकरमध्ये टाकू नका, हे महत्त्वाचं. त्या भांड्यात काही परतलं जात नाही, लसणाचा कच्चा वास शेवटपर्यंत राहतो. कढईत दोन चमचे तेलावर पाच मिनिटं परता, त्यातच चिकन एकदा वरखाली करा, मग कुकर.

खरं थायलंडमध्ये हे असं चिकन सहसा बघायला मिळत नाही, हा अमेरिकेतल्या घरांत बसवलेला प्रकार आहे. तिकडं असा वाटलेला शेंगदाणा येतो तो बहुतेक करून सातेच्या (काडीवर भाजलेल्या मांसाच्या) चटणीत नाहीतर मस्समन करीत, आणि त्या करीत दालचिनी, वेलची, बटाटा असतं, आपल्याला परकी वाटतच नाही. म्हणून मी तर थोडी दालचिनी आणि चार बटाट्याच्या फोडी बिनधास्त घालते.

भात बासमती नको. तिकडचा जास्मिन तांदूळ जरा चिकट असतो, आपल्या इंद्रायणीच्या जवळचा. हा रस्सा मोकळ्या भातावरनं खाली पळतो, इंद्रायणीवर बसतो.

निपाणीची_मावशी:

आणि लहान पोरं येणार असतील तर त्यांच्या आयांना आधी फोन करून विचार, शेंगदाणा कुणाला सोसत नाही असं आहे का. आमच्या शेजारच्या पोराला एक लाडू खाऊन ओठ सुजून श्वास लागला होता, रात्री दवाखान्यात पळवला. तेव्हापासनं मी विचारल्याशिवाय कुणाच्या पोराच्या हातात चिक्की देत नाही.

शहापूरची_सून:

रविवार सकाळ. काल झालं सगळं, सांगायला आले.

ट्रान्सफॉर्मर घेतला, साडेचार किलोचा आहे दादा, हाताला नुसता कोमट लागतो. मावशी, फोन केला होता, सगळी पोरं खातात. शेंगदाणे शुक्रवारी रात्री सासूबाईंनी खुर्चीवर बसून निवडले आणि चोळले, मिक्सर मी दोनदा थांबवून फिरवला आणि खरंच धार पडली. काल अर्धा दिवस रजा टाकली, एक वाजता पेस्ट परतून २ किलो मांड्या हाडासकट लावल्या, पाणी नाही, गवती चहाची गाठ, जवळ्याची पूड एक चमचा, बटाटे. सहाला झाकण काढलं तर तळाशी तीन चार पळ्या स्वतःचाच लाल रस्सा आणि हाड चिमट्यानं धरलं तर मांस खाली राहिलं.

पीनट बटर कालवायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं, म्हणाल्या पिठल्यासारखंच आहे की हे. नारळाचं दूध फुटलं नाही. रंग भाजक्या विटेसारखा आला, वर तेलाचे बारीक ठिपके. आठ जणांत २ किलो पुरलं, खाली चार चमचे रस्सा उरला तो पोरानं रात्री भाकरीला पुसून खाल्ला.

आता एकच, गूळ मला जरा जास्त वाटला, पुढच्या वेळी निम्मा घालते. आणि अक्का, गावठी कोंबडीला आठ तास म्हणालात तर त्याला पेस्ट वाढवायची का तेवढीच ठेवायची? सासूबाईंच्या भावाकडनं बेळगुंदीहून एक येणार आहे पुढच्या आठवड्यात.

खानापूरची_अक्का:

लसूण आणि धणे वाढवा, मिरची तेवढीच ठेवा. आणि कातडी काढून आणायला सांगा, नाहीतर आठ तासांत चरबी फार सुटते.