मॅरिलिन रॉबिन्सन : दोन कादंबऱ्यांमध्ये चोवीस वर्षे का?

शाईदौत : अमेरिकन कादंबरीकार रॉबिन्सन यांची पहिली कादंबरी ‘हाउसकीपिंग’ १९८० साली आली आणि दुसरी कादंबरी ‘गिलिअड’ थेट २००४ साली. पहिल्याच पुस्तकाने एवढे नाव मिळाल्यावर त्या इतका काळ कादंबरीपासून दूर का राहिल्या असाव्यात? सध्या ‘गिलिअड’ वाचतो आहे, परंतु पन्नासेक पाने झाली तरी काही घडत नाही. पुढे रेटावी का?

पानगळ : त्या काळात त्यांचे लेखन थांबले नव्हते. इंग्लंडमधील सेलाफील्डच्या अणुप्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या किरणोत्सारी सांडपाण्यावर त्यांनी १९८९ साली ‘मदर कंट्री’ हे जळजळीत पुस्तक लिहिले आणि त्यावरून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने ब्रिटनमध्ये बदनामीचा दावाही लावला. १९९१ पासून त्या अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेत शिकवत होत्या. १९९८ साली त्यांचा निबंधसंग्रह आला, ज्यात सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली आहे. ‘गिलिअड’मधला पाद्री त्या वाचनातूनच घडला, असे माझे मत आहे.

उंबरठा : अवश्य वाचा, पण घटनांची वाट पाहू नका. १९५६ सालच्या आयोवातील शहात्तर वर्षांचा, हृदयविकाराने खंगलेला पाद्री जॉन एम्स आपल्या लहानग्या मुलाला पत्र लिहितो आहे, एवढेच कथानक वरवर दिसते. खरी गंमत त्याच्या आजोबांत आहे : गुलामगिरीविरुद्ध लढलेला हा एकाक्ष म्हातारा गरजूंना देण्यासाठी घरच्यांचे कपडे दोरीवरूनच उचलून नेतो आणि सून हैराण होते. कादंबरीतल्या गिलिअड गावाची प्रेरणा असलेल्या टेबर गावात गुलामगिरीविरोधी बंडखोर जॉन ब्राउनसाठी खरोखरच शस्त्रे साठवली गेली होती. तो वारसा गाव किती सहज विसरले, हे एम्सचा मित्र बाउटन याचा मुलगा जॅक परतल्यावर उमगते. त्यापुढचे सांगून रसभंग करीत नाही.

रानवाट : माझा मात्र कौल ‘हाउसकीपिंग’ला. रॉबिन्सन यांचा जन्म आयडाहोतील सँडपॉइंटचा, आणि कादंबरीतल्या फिंगरबोन गावाचे तळे तिथल्याच तळ्यावरून सुचलेले. पुलावरून आगगाडी त्या तळ्यात बुडते, पुढे दोन अनाथ बहिणींचा सांभाळ करायला भटकी मावशी सिल्वी येते, दिवे न लावता अंधारात जेवते आणि रिकामे डबे व वर्तमानपत्रे रचत राहते. एम्सच्या प्रवचनांपेक्षा मला ती जवळची वाटते.

उंबरठा : जॅक आवडला, तर पुढे ‘होम’ घ्या. २००८ सालच्या या कादंबरीत तोच काळ त्याच्या बहिणीच्या नजरेतून, शेजारच्या बाउटन कुटुंबाच्या स्वयंपाकघरातून दिसतो, आणि एम्सचा चांगुलपणा तिथे बराच तोकडा पडतो.